गाडी सुरू होत नाही? आधी पंप खोलू नका!



कुटुंबाच्या पानावर इंजिनाचे काय काम, असे एखादी ताई म्हणेल. काम आहे. आपल्या वस्त्यांवर आता एखाददुसरी जुनी डिझेल मोटार उभी दिसते. ती हौसेची नसते. तिसऱ्या-चौथ्या हाताने आलेली, आईने बचत गटातून कर्ज उचलून घेऊन दिलेली अशी ती असते. ती एक दिवस सुरू झाली नाही, तर त्याचा फटका बोनेटखाली बसत नाही, घरात बसतो. म्हणून हा विषय घरातला आहे.

माझ्या चुलत बहिणीचे घर बारामती-इंदापूर रस्त्याला, इंदापूर तालुक्यात आहे. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, बारामतीच्या एम.आय.डी.सी.त कंत्राटी कामाला जातो. पहिली पाळी सकाळी सातची. त्या वेळेला एस.टी. जमत नाही, म्हणून वस्तीतले चौघे डिझेलचा खर्च वाटून त्याच्या जुन्या मोटारीतून जातात. डिसेंबरातल्या एका पहाटे गाडीत पाचवी सवारी होती, भाच्याची धाकटी बहीण. तिची बारामतीला भरतीची लेखी परीक्षा होती. आठ वाजता दरवाजा बंद होणार होता.

सव्वापाचला भाच्याने किल्ली फिरवली. इंजिन फिरले, पण पेटले नाही. पुन्हा फिरवले, पुन्हा तेच. चौघांनी उतरून धक्का मारला. एकाने चिंधी पेटवून आणली. एकजण म्हणाला, थांबू नको, स्टार्टर मारतच राहा. तो मारत राहिला आणि पावणेसातला बॅटरीही बसली. चौघांचा खाडा पडला. मुलगी ज्या वाहनाला हात केला त्या वाहनाने निघाली. सणसर, भवानीनगर करीत केंद्रावर पोहोचली, तेव्हा दरवाजा बंद होऊन दहा मिनिटे झाली होती.

दुपारी एका गॅरेजवाल्याला बोलावले. त्याने दोन-चार वेळा किल्ली फिरवून सांगितले, "पंप गेला. खोलावा लागेल. अठरा हजार धरून चाला." संध्याकाळी बहिणीचा मला फोन आला. ती गळ्यातले सोने गहाण टाकायला निघाली होती. मी म्हणालो, अक्का, रविवारपर्यंत थांब.

मी पडलो कारकून. इंजिनातले मला विशेष कळत नव्हते. पण हिशेबातले एक सूत्र ठाऊक होते. वर्षअखेरीला तेरीज जुळली नाही, तर आम्ही सगळ्या वह्या फाडून नव्याने लिहीत नाही. आधी बेरीज तपासतो, मग खतावणी, मग पावत्या. सोपे आधी, अवघड नंतर. बहुतेक वेळा चूक बेरजेतच सापडते. गाडीलाही हाच नियम का लावू नये?

डिझेल इंजिनाला काय लागते?

ज्या गाड्यांबद्दल आपण बोलत आहोत त्या ओळखीच्याच आहेत. आपल्याच जिल्ह्यात पिंपरीला तयार झालेली इंडिका १९९८ च्या डिसेंबरात आली आणि २०१८ साली तिचे उत्पादन थांबले. तिच्या आरंभीच्या डिझेल गाड्या अजून रस्त्यावर आहेत. जुन्या महिंद्रा जीपा आहेत, ट्रॅक्स आहेत. जंक्शनवरून वळले की लागणारे वालचंदनगर ज्यांच्या नावाचे, त्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. तिची पद्मिनीही पुढे डिझेलमध्ये आली होती. या जुन्या इंजिनांत संगणक नाही, किंवा असला तर नावापुरता. म्हणूनच डोळे, कान आणि नाक वापरून त्यांचे दुखणे बरेचसे ओळखता येते.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम लागते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. हवा दाबली की तापते. जुन्या डिझेल मोटारीत हवा मूळ जागेच्या साधारण विसाव्या हिश्श्यात दाबली जाते आणि तिचे तापमान पाचशे अंश सेल्सियसच्या वर जाते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली असे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. त्यांचेच नाव इंजिनाला आणि तेलाला पडले.

यावरून तीनच गोष्टी लक्षात ठेवा. इंजिन जोरात फिरले पाहिजे, म्हणजे हवा नीट दाबली जाईल. आत पुरेशी उष्णता पाहिजे. आणि डिझेल पोहोचले पाहिजे, तेही हवा किंवा पाणी न मिसळता. गाडी सुरू होत नाही म्हणजे या तिन्हींपैकी एक कमी आहे. कोणती कमी आहे ते शोधायचे, आणि शोधताना फुकटच्या तपासणीपासून सुरुवात करायची.

पहिली तपासणी : इंजिन कसे फिरते?

किल्ली फिरवल्यावर नुसता "टक्" आवाज आला, किंवा इंजिन कण्हत कण्हत फिरले, तर डिझेलकडे पाहूच नका. पुढचे दिवे लावा आणि मग स्टार्टर मारा. दिवे एकदम मंदावले किंवा विझले, तर बॅटरी कमजोर आहे किंवा जोड सैल आहे. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल, तर ती काढून गरम पाण्याने टोके धुवा, कोरडी करा, घट्ट आवळा. वायर सोडताना वजा खुणेची आधी सोडायची आणि लावताना ती शेवटी लावायची. जवळ विडी-काडी नको, बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. इंजिनापासून बॉडीला गेलेली जाड अर्थिंगची पट्टीही पाहा. ती गंजलेली असली तर नवी बॅटरी घालूनही उपयोग होत नाही.

थंडीत हे दुखणे जास्त दिसते. बॅटरीची ताकद घटते, इंजिनातले ऑइल घट्ट होते आणि दाबलेली हवा थंड लोखंडाला उष्णता देऊन बसते. आपल्याकडच्या थंडीत डिझेल मात्र गोठत नाही. ते लडाखचे दुखणे आहे, बारामती-इंदापूरचे नाही.

दुसरी तपासणी : धूर कोणता?

इंजिन चांगले फिरते, पण पेटत नाही, अशा वेळी एकाने स्टार्टर मारावा आणि दुसऱ्याने मागे सायलेन्सरकडे पाहावे. ही एका मिनिटाची तपासणी निम्मा निकाल देते.

पांढरा धूर येत असेल, तर डिझेल आत जात आहे, पण पेटत नाही. उष्णता कमी पडते. मोटारीच्या जुन्या इंजिनांत बहुतेक वेळा प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग असतो. किल्ली फिरवली की समोर वेटोळ्याच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. तो विझेपर्यंत थांबायचे आणि मगच स्टार्टर मारायचा. घाई करणारे पुष्कळ. थंडीत हे दोनदा करावे. पण दिवा लागला म्हणजे प्लग तापला असे समजू नका. दिवा वेगळा, प्लग वेगळा. खात्रीसाठी प्लगवरची जोडपट्टी सोडा. बॅटरीच्या अधिक टोकाला एका लहान बल्बची एक वायर लावा आणि दुसरी वायर प्रत्येक प्लगच्या डोक्याला टेकवा. बल्ब लागला तर प्लग शाबूत, न लागला तर जळालेला. चारांपैकी एक जळाला तर गाडी थरथरत का होईना सुरू होते. दोन-तीन जळाले की पहाटे ती हटून बसते. सगळे प्लग चांगले निघाले, तर त्यांचा फ्यूज आणि रिले पाहा. ट्रकांच्या आणि काही जीपांच्या इंजिनांत हीटर प्लग नसतातच, हेही ध्यानात असू द्या.

काळा धूर येत असेल, तर डिझेल आहे, पण हवा अपुरी आहे. एअर फिल्टर काढून पाहा. ऊसतोडीच्या दिवसांत आपल्या रस्त्यांवरची धूळ आणि पाचटाचा भुगा त्यात गच्च बसलेला असतो.

धूर अजिबात नसेल, तर डिझेल इंजिनापर्यंत पोहोचतच नाही. आता तिसरी तपासणी.

तिसरी तपासणी : डिझेल कुठे अडले?

आधी टाकी. जुन्या गाडीचा काटा खोटे बोलतो. पाच लिटर डिझेल ओतून पाहण्यात कमीपणा नाही. मग इंजिन बंद करण्याची सोय पाहा. काही गाड्यांत ओढायचे बटण असते, ते ओढलेलेच राहिले तर दिवसभर स्टार्टर मारला तरी गाडी सुरू होणार नाही. काही गाड्यांत पंपावर विजेची कळ असते, तिला सोलेनॉइड म्हणतात. बोनेट उघडून एकाने किल्ली चालू-बंद करावी. पंपापाशी बारीक "टक्" ऐकू आले पाहिजे. नाही आले, तर तिच्यावरची एकुलती एक वायर सुटली आहे का ते पाहा. ती वायर सुटल्यावर "पंप गेला" असे निदान झालेल्या गाड्या थोड्या नाहीत.

मग डिझेल फिल्टर. त्याच्या तळाशी पाणी सोडायचा स्क्रू असतो. खाली काचेची बाटली धरून थोडे डिझेल सोडा. पाणी असेल तर ते डिझेलच्या खाली जाऊन बसते आणि वेगळे दिसते. स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा. फिल्टर किती दिवस बदलला नाही, हेही आठवा.

आता हवा. आपल्यातल्या जुन्या माणसांना हे शिकवायला नको. डिझेलच्या वाटेत कुठे बारीक चीर असली, क्लिप सैल असली, रबरी वॉशर दबलेले असले, तर तिथून हवा शिरते आणि डिझेल मागे टाकीत उतरते. पंपाला हवा मिळाली की तो दाब धरत नाही. फिल्टरच्या डोक्यावर हवा सोडायचा स्क्रू असतो आणि जवळ हाताने दाबायचा पंप असतो. स्क्रू थोडा सैल करा आणि हातपंप दाबत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग नितळ डिझेल. नितळ येऊ लागले की स्क्रू आवळा. यालाच एअर काढणे म्हणतात.

रविवारी काय झाले

रविवारी मी वस्तीवर गेलो तेव्हा गाडीभोवती माणसे होती. त्यांत आमचे तात्याही होते. तात्यांनी उभी हयात दुसऱ्याच्या विहिरीवर इंजिन राखण्यात घालवली. त्या काळी विहिरीविहिरीवर ऑइल इंजिने असत. पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली निघाली आणि त्यांची इंजिने आपल्या भागातल्या मळ्यांत धडधडली. मळा मालकाचा, ऊस मालकाचा. हँडल मारायचे, पट्टा चढवायचा, रात्री थंडीत पाणी सोडायचे, हे काम मात्र तात्यांचे. ते शाळेत गेले नाहीत. त्यांना मोटार चालवता येत नाही, म्हणून चार दिवसांत त्यांना कोणी विचारलेही नव्हते.

त्यांनी भाच्याला विचारले, "धूर बघितलास का रं?"

"नाही तात्या."

"मार स्टार्टर."

बॅटरी चार्ज करून आणलेली होती. इंजिन झकास फिरले. मागे धुराचा ठिपका नाही.

"आदल्या रोजी कशी चालू झालेली?"

भाचा म्हणाला, "चार-पाच दिवस सकाळी जरा जास्तच वेळ लागत होता. एकदा लागली की मग दिवसभर त्रास नाही."

"आन् त्या रातीला लावलीवती कुठं?"

"ओढ्याच्या चढाला. तोंड रस्त्याकडं करून."

तात्या हसले. "म्हंजी तोंड वर, टाकी खाली. आरं, फूटव्हॉल गळका असला की पंप पाणी सोडतो का न्हाई? रातभर डिझेल मागं उतरलं. गाडीनं हवा घेतलीय."

मग त्यांनी फिल्टरकडे येणारी रबरी नळी बोटांनी चाचपली. क्लिपेजवळ, खालच्या बाजूला, नळी कडक होऊन तडकली होती. वरून दिसत नव्हती. बोटाला ओलसर लागले, एवढेच. एका पोराला भिगवणला पिटाळून डिझेलची नवी नळी आणि दोन क्लिपा आणल्या. दीडशे रुपयांच्या आत काम झाले. एअर काढली. तिसऱ्या वेळेला इंजिनाने धूर टाकला आणि चौथ्या वेळेला ते सुरू झाले.

अक्का दारात उभी होती. तिने पदर डोळ्यांना लावला. अठरा हजार वाचले म्हणून असेल, किंवा दीडशे रुपयांपायी लेकीची परीक्षा गेली म्हणून असेल. मी विचारले नाही.

गॅरेजवाल्याशी कसे बोलावे?

त्या गॅरेजवाल्याला मी लबाड म्हणणार नाही. त्याने शेवटच्या पानापासून वही वाचायला सुरुवात केली, एवढेच. पंप खरोखरही जातो. नोझल खराब होतात, रिंगा झिजून दाब कमी होतो, टायमिंग बेल्ट तुटतो. पण ही दुखणी यादीत शेवटी येतात. म्हणून खिशात हात घालण्यापूर्वी चार प्रश्न नम्रपणे विचारा. धूर कोणता होता? फिल्टरपर्यंत डिझेल येते का? हीटर प्लगला करंट मिळतो का? कळीचा "टक्" आवाज येतो का? या चारांची उत्तरे मिळाल्याशिवाय पंप खोलू देऊ नका. खर्च आधी कागदावर लिहून घ्या आणि बदललेला जुना भाग परत मागा. चांगला कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही. आपल्याला काही कळत नाही असे पाहिले की बिल आपोआप वाढते, हा अनुभव आपल्याला दवाखान्यापासून दुकानापर्यंत सगळीकडे आहे.

हे मात्र करू नका

स्टार्टर सलग दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये मिनिटभर विसावा द्या. नाहीतर एका दुखण्याची दोन होतात.

हवेच्या तोंडाशी पेटती चिंधी धरू नका. ईथरचा फवाराही मारू नका. हीटर प्लग तापलेला असताना ईथर आत गेले तर भडका उडतो, इंजिन फुटते आणि माणूस भाजतो.

इंजिन नेहमीपेक्षा हलके आणि भरभर फिरू लागले, तर टायमिंग बेल्ट तुटला असण्याचा संभव आहे. त्या क्षणी थांबा. अशा गाडीला धक्काही मारू नका आणि दोरीने ओढून सुरूही करू नका.

नोझलच्या लोखंडी नळीतून फवारा उडत असेल, तर तिथे बोट नेऊ नका. तो दाब कातडी भेदून आत जातो. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट गमावण्याची पाळी येते. तसे झाले तर तडक दवाखाना गाठा. आणि तुमची गाडी अलीकडची, कॉमन रेल पद्धतीची असेल, तर त्या नळ्यांच्या नटांना पाना लावूच नका. त्यातला दाब जुन्या इंजिनापेक्षा कितीतरी पटीने मोठा असतो.

चुकून पेट्रोल भरले गेले, तर गाडी सुरू न करता टाकी रिकामी करून घ्या. स्वस्त पडते म्हणून रॉकेल मिसळू नका. पंपाला वंगण डिझेलचेच मिळते. ते पातळ झाले की पंप खरोखरच जातो, आणि मग अठरा हजारांचा हिशेब खरा ठरतो.

शेवटी

गाडी आजारी पडण्यापूर्वी सांगत असते. सकाळी जास्त वेळ लागू लागला, तेव्हाच ती बोलली होती. परीक्षा असो, दवाखाना असो, महत्त्वाच्या कामाच्या आदल्या संध्याकाळी पाच मिनिटे काढा. बॅटरीची टोके पाहा, नळ्या चाचपा, टाकीत डिझेल आहे याची खात्री करा. आणि दुसरी सोय काय, पहिली एस.टी. किती वाजता, हेही ठरवून ठेवा. त्या पहाटे पहिल्या दहा मिनिटांतच मुलीला रस्त्यावर नेऊन उभे केले असते, तर ती वेळेत पोहोचली असती. मला ही चूक नळीच्या चिरेपेक्षा मोठी वाटते.

तपासणीचा हा क्रम आता भाच्याच्या गाडीत पुढच्या कप्प्यात लिहून ठेवलेला आहे. इंजिन कसे फिरते, धूर कोणता, डिझेल कुठे अडले, आणि सर्वांत खाली, पंप शेवटी. तात्या सांगत होते आणि भाची लिहीत होती. कागदावरचे अक्षर तिचे आहे. आता गाडीचे बोनेट तीही उघडते, एअर काढते. पुढच्या भरतीचा अर्जही तिने ठेवला आहे.

आपणही असा कागद करा. आणि तो लिहिताना वस्तीतला एखादा म्हातारा, ज्याने कधीकाळी दुसऱ्याच्या विहिरीवर इंजिन राखले असेल, त्याला जवळ बसवून घ्या.